कासवांचं माहेर: वेळास

कोकणात समुद्रकिनारे पुष्कळ. पण पाहुण्यांना झोपेतून उठवून किनाऱ्यावर नेणारं गाव म्हणजे वेळास. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे छोटंसं गाव नाना फडणवीसांचं मूळ गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरं आणि सुरूच्या बनापलीकडे स्वच्छ वाळू.

हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री इथे येते, मागच्या पायांनी खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू सारते आणि समुद्रात परतते. पूर्वी ही अंडी माणसं उकरून नेत. उरलेली कोल्ही-कुत्री फस्त करत. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेनं इथे संरक्षणाचं काम सुरू केलं आणि गावकऱ्यांनी ते आपलं मानलं. पहाटे मादीच्या पावलांचा माग काढायचा, अंडी अलगद उचलून कुंपणातल्या खड्ड्यात पुरायची. सुमारे पन्नास-साठ दिवसांनी तळहातावर मावतील एवढी पिल्लं वाळूतून वर येतात.

ती समुद्राकडे धावताना पाहायची असतील तर मार्च-एप्रिलमध्ये जावं. राहण्या-जेवण्याची सोय गावातल्या घरांतूनच होते; ती मात्र आधी ठरवावी. पिल्लांना हात लावू नये, फ्लॅश वापरू नये. पाण्यापर्यंतची वाट त्यांची त्यांनीच चालायची असते.

यांतली फार थोडी जगतात. पण जगलेली मादी मोठी झाल्यावर अंडी घालायला पुन्हा याच मुलखाच्या किनाऱ्याकडे वळते. लेकीनं बाळंतपणाला माहेरी यावं, तशी!