राबणे आणि व्यायाम

बुटीबोरीच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या माणसाला "रोज अर्धा तास चालत जा" असे सांगून पाहा. तो हसतो. आठ तास मशीनपुढे उभा, त्यावर ओव्हरटाइम, आणि वरून व्यायाम? आमच्या वस्तीतल्या बायका तर तोंडावरच विचारतात, "काहून वं बाई, आम्ही का बसून खातो काय?"

प्रश्न रास्त आहे. मला तो माझ्या मायमुळे पडला.

माझी माय उभ्या जन्मात स्वस्थ बसली नाही. निंदण, कापूस वेचणी, उन्हाळ्यात वीटभट्टी. इकडे कंपन्या उभ्या राहू लागल्या तेव्हा गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहिली. शाळेचे तोंड तिने पाहिले नाही, पण बाजाराचा हिशेब तोंडपाठ. पासष्टी उलटली आणि ती बाजारातून येताना आपलीच गल्ली चुकू लागली. वरणात मीठ दोनदा पडू लागले. माझ्या मुलीला ती स्वतःच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागली. शेजारी म्हणाले, साठी बुद्धी नाठी, चालायचेच. एका नात्यातल्या बाईने हळूच कानात सांगितले की कोणी तरी करणी केली असेल, बाहेरचे पाहून घ्या. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत, तेव्हा ती गोष्ट तिथेच संपली. एका डॉक्टरनेही "वय झाले" म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. शेवटी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात रक्त, बी-१२, थायरॉईड, साखर, बीपी, मेंदूचा फोटो असे सगळे तपासून झाले, आणि आजाराचे नाव कळले. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया.

या तपासण्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. बी-१२ कमी असले किंवा थायरॉईड बिघडले तरी माणूस विसराळू होतो, आणि ते उपचाराने सुधारू शकते. म्हणून "वय झाले" या दोन शब्दांवर कोणीही घरी परत येऊ नये.

हा आजार वाटतो तितका दुर्मीळ नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की, भारतात साठीपुढच्या शंभर माणसांत सात-साडेसात जणांना तो आहे. एकूण आकडा ८८ लाखांच्या घरात जातो. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. पूर्ण बरे करणारे औषध आजही नाही. त्यामुळे जगभरचे डॉक्टर तो टाळण्याच्या, निदान लांबवण्याच्या मागे लागले आहेत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली चौदा कारणे मांडली. ती सगळी दूर करता आली तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असे त्यांचे म्हणणे आहे. व्यायामाचा अभाव हे त्यातले एक.

मग माझी माय? जिने डोक्यावरून हजारो विटा वाहिल्या, तिला तर हा आजार सर्वांत शेवटी व्हायला हवा होता.

याचे उत्तर शोधताना कोपनहेगनच्या कामगारांची माहिती वाचायला मिळाली. डेन्मार्कच्या या राजधानीत १९७० च्या दशकात वेगवेगळ्या कामाच्या ठिकाणच्या पावणेपाच हजार पुरुषांची नोंद केली गेली आणि पुढे कितीतरी वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०२० साली निष्कर्ष आला. बसून काम करणाऱ्यांच्या तुलनेत जड अंगमेहनत करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका ५५ टक्के जास्त दिसला. फुरसतीच्या वेळी केलेला व्यायाम मात्र फायद्याच्या बाजूला होता. शरीर तेच, घामही तोच, पण परिणाम वेगळा.

असे का, याची कारणे संशोधक अजून तपासत आहेत. कष्टाच्या कामात माणूस तासन्‌तास एकाच तऱ्हेने वाकतो, उचलतो, उभा राहतो. हृदयाची गती आणि रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो, आणि विसावा मिळत नाही. व्यायामात अर्धा तास हृदय जोरात चालते आणि मग आराम मिळतो. दमलो की थांबायची मुभा असते. मुकादम डोक्यावर नसतो. हा शेवटचा फरक मला सर्वांत मोठा वाटतो, तो कुठल्या यंत्रावर मोजता येत नाही ही गोष्ट वेगळी. शिवाय कष्टकऱ्याच्या वाट्याला इतरही गोष्टी येतात: कमी शिक्षण, धूळ, रात्रपाळीची मोडलेली झोप. तेव्हा मायचा आजार विटांमुळेच झाला असे मी म्हणणार नाही. विटांनी तो टळला नाही, एवढे खरे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लंडनच्या दहा हजारांवर सरकारी नोकरांवर २८ वर्षे लक्ष ठेवले गेले. २०१७ साली निघालेल्या त्या अभ्यासात व्यायामाचा असा फायदा दिसलाच नाही. उलट असे आढळले की आजाराचे निदान होण्याच्या नऊ वर्षे आधीपासूनच माणसाचे हिंडणे-फिरणे कमी होऊ लागते. म्हणजे न चालल्याने आजार होतो की आजार आतून सुरू झाल्याने चालणे कमी होते, हा वाद आहे. तरी २०११ साली अमेरिकेत १२० वयस्कर लोकांवर केलेला प्रयोग आशा देणारा आहे. त्यातल्या निम्म्या लोकांना आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटे चालवले. वर्षभराने त्यांच्या मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला होता. नुसते हातपाय ताणणाऱ्यांचा तोच भाग घटला होता. आणि वाद काही असला तरी चालण्याने साखर आणि बीपी ताब्यात राहतात, ही गोष्ट पक्की आहे. तीही त्या चौदा कारणांतलीच.

त्या यादीत ऐकू कमी येणे फार वरच्या जागी आहे, व्यायामाच्या अभावाच्याही कितीतरी वर. सूतगिरणीत, प्रेस-शॉपमध्ये काम करणाऱ्या भावांनी कानात बोळे घालण्याचा कंटाळा करू नये. लहानपणी शाळा न मिळणे हेही यादीत आहे, एकटे पडणे आहे, दारू आहे. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले आणि प्रतिज्ञेत दारू सोडायला लावली, ती मेंदूच्या आजाराचा विचार करून नव्हे. पण वाचताना मला त्यांची आठवण आलीच.

चालणे हे तर आपल्या धम्मातही आहे. बोधगयेच्या महाबोधी विहाराच्या उत्तरेला चंक्रमणाचा चौथरा दाखवतात. भगवान बुद्धांनी अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची ताकद येते, प्रयत्न करण्याची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता टिकते. आपण विहारात बसून वंदना घेतो आणि चंक्रमण भिक्खूंचे म्हणून सोडून देतो.

किती चालायचे? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटे सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतक्या वेगाने. गुडघे धरले असतील तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी सातच्या आत उरका. रात्रपाळीवरून आलेल्याने आधी झोप घ्यावी.

अडचण जागेची आहे. वर्धा आणि हिंगणघाटकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रकांमुळे चालायची सोय नाही, आणि अंधार पडल्यावर बाईमाणसाने एकटे निघावे असा आतला रस्ताही नाही. म्हणून आम्ही सात-आठ जणी पहाटे साडेपाचला विहाराजवळ जमतो आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतून फेऱ्या मारतो. मायला मधे घेतो. तिचा आजार त्याने परतणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितले आहे. पण चालून आलेल्या दिवशी तिची संध्याकाळची चिडचिड कमी असते आणि ती जेवते. तिच्या लुगड्याच्या पदराला नाव, पत्ता आणि फोन नंबरची पट्टी शिवून ठेवली आहे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आपल्या म्हाताऱ्यांना नेणाऱ्या प्रत्येक घराने एवढे करावेच.

वस्तीजवळच्या मोकळ्या जागेवर दिवे आणि चालायला पट्टा मिळावा म्हणून आम्ही अर्ज लिहिला आहे. सह्या गोळा करणे चालू आहे. पुरुषांच्या सह्या अजून कमी आहेत. रविवारी वंदनेनंतर अर्ज विहारात ठेवलेला असतो.