रंगांची ओंजळ

आष्टा. रात्री दहा. उसाला पाणी पाजून अण्णा नुकतेच परतले. सैन्यातून येऊन किती वर्षं झाली, तरी लग्नसराईत फटाका वाजला की हातातला पेला खाली ठेवून गप्प होतात. आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

आज नातीच्या रंगपेटीतला ब्रश त्यांनी उचलला. आधी बर्फाचे डोंगर काढले. मग पायथ्याशी एक काळा ठिपका. त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि सैन्यातल्या एका मित्राबद्दल पहिल्यांदाच बोलले.

चित्रातून उपचाराची ही कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. १९४२ मध्ये एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने तिला नाव दिलं. क्षयरोगातून बरं होताना चित्रांनी दिलेला आधार त्याने स्वतः अनुभवला होता. पुण्याजवळच्या खडकीत, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांच्या पुनर्वसन केंद्रात, हात निकामी झालेले जवान दातांत ब्रश धरून चित्रं काढतात. आपल्या इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकून आले. कुणाला पाणी सावरतं, कुणाला रंग.

जखम शब्दांत मावत नाही, तेव्हा तिला दुसरी वाट द्यावी लागते. घरात फौजी असेल, तर त्याच्या शौर्याबरोबर त्याचं मौनही आपण जपायला हवं.

उद्या सांगलीहून मोठी वही आणायची. अण्णांसाठी.