तळ्याचा हिशेब

चि. निनाद,

घरामागच्या तळ्याचे फोटो मिळाले. जुन्या एसीचा कॉम्प्रेसर लावून तू तळ्यातल्या पाण्यावर घर गरम करणार, हे वाचून मला माझी शीतगृहातली तीस वर्षं आठवली. आम्ही द्राक्षांतली उष्णता काढून बाहेर सोडायचो, तू तळ्यातली काढून घरात सोडणार. यंत्र तेच.

नॉर्विचच्या जॉन समनर या इंजिनिअरने १९४५ साली, युद्धाच्या टंचाईत, जुना कॉम्प्रेसर मिळवून वेन्सम नदीच्या पाण्यावर ऑफिसची इमारत गरम केली. एक युनिट विजेमागे तीन युनिटांहून जास्त उष्णता मिळाली. पण त्याचं पाणी वाहतं होतं. तुझं साचलेलं आहे, आणि मला काळजी आहे ती त्याचीच.

एक घनमीटर पाणी एक अंशाने थंड केलं की जेमतेम १.१६ युनिट उष्णता निघते. तळं वीस बाय दहा मीटर आणि सरासरी दोन मीटर खोल धरू. म्हणजे ४०० घनमीटर, अंशामागे सुमारे ४६५ युनिट. कडाक्याच्या थंडीत घराला रोज दीडशे युनिट लागली, तर त्यातली शंभर तळ्याने द्यायची, बाकीची विजेने. पाच दिवसांत एक अंश संपला! चार अंशांचं पाणी सर्वांत जड, म्हणून तुमच्या ऑन्टारिओत वर बर्फ धरला तरी तळाशी तेवढी ऊब राहते. तळाच्या मातीतून थोडी भर पडेल, तरी ही शिदोरी तीनेक आठवड्यांचीच. पुढे तळ्यातल्या पाइपवर बर्फ धरेल. गोठताना पाणी घनमीटरमागे ९३ युनिट देतं खरं, पण बर्फ हलका. तो पाइपच वर उचलतो.

तळ्याचं पाणी थेट यंत्रात घेऊ नकोस. ते आत गोठून नळ्या फुटल्या की रेफ्रिजरंट गॅसच्या लाइनमध्ये पाणी शिरतं आणि कॉम्प्रेसर जातो. असा एक चिलर मी उघडून पाहिला आहे. एचडीपीई पाइपची वेटोळी भरपूर वजन बांधून तळाशी सोड. आत प्रोपिलीन ग्लायकोल मिसळलेलं पाणी फिरव. एथिलीन ग्लायकोल विषारी, आणि तुझी मुलं त्याच तळ्यात पोहतात. गॅस भरायला परवाना असलेलाच माणूस बोलाव.

यंदा फक्त एवढंच कर. बर्फ धरण्याआधी तळाशी थर्मामीटरची वायर सोड आणि मार्चपर्यंतचे आकडे मला पाठव. तोवर पाइप विकत घेऊ नकोस.

तुझा,
काका