कुर्डुवाडीचा माल

आयुष्यभर कविता आणि कादंबरी शिकवलेल्या माणसापुढे संगणकीय जाळ्यांवरील पुस्तकांचा ढीग यावा, हे जरा विपरीतच. मोडनिंबमधील एका लहान वाचनालयासाठी त्यांतून तीन पुस्तके निवडायची होती. हा माझा प्रांत नव्हे, असे मी म्हणून पाहिले; पण मंडळींना वाटत होते की पुस्तक म्हणजे पुस्तक, आणि मराठीच्या सरांना ते कळायलाच हवे.

पहिली निवड मी भाषा पाहून केली, आणि ती चुकली. एका मराठी पुस्तकात प्रत्येक संज्ञेला घोटीव संस्कृत प्रतिशब्द होता. तेवढ्यावरच मी भाळलो. आठवड्याने एका विद्यार्थिनीने ते परत आणले. म्हणाली, "सर, शब्द पाठ झाले, पण आतलं काम कसं चालतं ते नाही कळलं." जाळ्यांचे सात थर तिने क्रमाने, न अडखळता म्हणून दाखवले. सातच का, हे मात्र तिला, मला आणि त्या पुस्तकाला, तिघांनाही सांगता येईना. सात थरांचा तो आराखडा आंतरराष्ट्रीय मानक म्हणून 1984 साली प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष इंटरनेट ज्यातून वाढले त्या अर्पानेटने टीसीपी/आयपी ही निराळी पद्धत 1 जानेवारी 1983 रोजीच स्वीकारली होती. हा फरक न सांगणारे पुस्तक ज्ञान देत नाही, स्तोत्र देते.

मग मी मुळाकडे गेलो. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी 1974 साली मांडलेला प्रश्न साधा होता: निरनिराळ्या नियमांनी चालणारी जाळी, त्यांच्या अंतर्रचनेला हात न लावता, एकमेकांना कशी जोडावीत? हे वाचताना मला कुर्डुवाडी आठवली. आमच्या मोडनिंबवरून पंढरपूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वेची गाडी 762 मिलिमीटरच्या अरुंद रुळांवर धावे. कुर्डुवाडीची मुख्य लाइन 1676 मिलिमीटरची. एकीचा डबा दुसरीवर जाणे अशक्य. म्हणून माल उतरवायचा आणि पलीकडच्या डब्यात चढवायचा. मी हे सांगताच ती विद्यार्थिनी म्हणाली, "म्हणजे गेटवे म्हणजे कुर्डुवाडी!" आणि लगेच पुढे, "पण सर, वाटेत एखादं पोतं हरवलं तर?"

तिथे माझी उपमा संपली. हरवलेल्या पोत्याची प्रत रेल्वे काढू शकत नाही. टीसीपीमध्ये मात्र पाठवणारा प्रत जपून ठेवतो आणि पोच आली नाही तर ती पुन्हा धाडतो. शिवाय सगळी पाकिटे एकाच मार्गाने जातील, असेही नाही. त्या दिवशी मला पारखण्याची कसोटी सापडली: लेखक आपली उपमा कुठे तुटते हे सांगतो का? कवितेत रूपकाचे वाहवत जाणे कधी वैभव ठरते; तांत्रिक पुस्तकात ती चूक असते.

या कसोटीवर अँड्र्यू टॅननबॉम यांचे 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' (पहिली आवृत्ती 1981) टिकते. टेपांनी भरलेली मोटार प्रचंड माहिती वाहून नेते, पण पोचायला वेळ लावते, या त्यांच्या उदाहरणातून क्षमता आणि विलंब या दोन गोष्टी कायमच्या वेगळ्या होतात. कुरोस आणि रॉस वरच्या थरापासून, म्हणजे वेब आणि ईमेलपासून, खाली उतरतात. तिथे प्रकरणांचा क्रमच अर्धे स्पष्टीकरण करतो. ही दोन्ही पुस्तके मी निवडली.

दोन्ही इंग्रजी. सोलापूरच्या अच्युत गोडबोले यांनी 'संगणकयुग' मराठीत लिहिले ते सामान्य वाचकासाठी. अतुल कहाते यांच्यासह लिहिलेले 'वेब टेक्नॉलॉजीज' हे पाठ्यपुस्तक मात्र इंग्रजीत आहे. कारण उघड आहे, परीक्षा इंग्रजीत होते. या शतकाच्या आरंभी आमची लाइन रुंद झाली आणि कुर्डुवाडीची चढउतार संपली. भाषेचेही तसेच करावे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. इंटरनेट मात्र सगळ्यांचे रूळ एकसारखे करून उभे राहिलेले नाही. जोडावरची मेहनत घेऊन उभे राहिले आहे. मराठी तांत्रिक पुस्तक हा तसा जोड आहे. त्याला मराठी म्हणून सवलत देऊ नये. एवढेच विचारावे, की माल पलीकडे चढला, की नुसत्या चिठ्ठ्या बदलल्या?

त्या ढिगात माल चढवणारे मराठी पुस्तक मला मिळाले नाही. तिसरी जागा रिकामी ठेवायला मी सांगितले आहे.