नवा डॉक्टर

नातवंडांच्या संगतीनें ह्या वयांत मला ‘डॉक्टर हू’ ही इंग्रजी दूरचित्रवाणी-मालिका ठाऊक झाली. बी.बी.सी.नें ती १९६३ सालीं सुरू केली. काळांतून प्रवास करणाऱ्या वृद्ध डॉक्टरची भूमिका विल्यम हार्टनेल करीत. १९६६ सालीं ते ५८ वर्षांचे होते व त्यांची प्रकृति ढासळत चालली होती. नायकच गेल्यावर मालिका चालावी कशी? चालकांनीं युक्ति योजिली. २९ ऑक्टोबरच्या भागांत थकलेला डॉक्टर कोसळतो आणि त्याच्या जागीं निराळाच चेहरा उमटतो! जीर्ण वस्त्र टाकून नवें धारण करण्याचा गीतेंतील दृष्टान्त वाचकांस आठवेलच.

मला त्याहून मोलाचें वाटतें तें पुढचें. नवे नट पॅट्रिक ट्राउटन यांनीं हार्टनेलांची नक्कल केली नाहीं. पांवा वाजविणारा, मिस्किल असा आपला स्वतंत्र डॉक्टर त्यांनीं उभा केला.

यंदा घराचा जमाखर्च मीं मुलाकडे सोंपविला. त्याची मांडणी माझ्यासारखी नाहीं, हें पाहून मन जरा खट्टू झालें. परंतु ट्राउटननीं नक्कलच केली असती, तर प्रेक्षकांना पदोपदीं जुना नटच आठवला असता. म्हणून वहींत मी आतां डोकावत नाहीं. विचारलें तर तेवढें सांगतों.