जिला दुखत नाही

उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करून पैसे मिळवायचा. दंडातून सुरी आरपार घालायची, पेटत्या निखाऱ्यांवरून चालायचं. बघणारे तोंड फिरवायचे आणि हा शांत उभा. दुखणं म्हणजे काय, हे त्याला जन्मापासून ठाऊकच नव्हतं. केंब्रिजच्या जेफ्री वुड्स यांच्या चमूपर्यंत त्याची माहिती पोचली, पण त्यांनी त्याला तपासण्याआधीच तो गेला. चौदाव्या वाढदिवसाच्या सुमारास त्याने घराच्या छतावरून उडी मारली होती. पुढे त्याच भागातल्या तीन कुटुंबांतली अशी सहा माणसं तपासली, तेव्हा सगळ्यांच्या ओठांवर किंवा जिभांवर लहानपणी स्वतःच चावून केलेल्या जखमांचे व्रण होते. एससीएन९ए नावाच्या एकाच जनुकातला बिघाड. २००६ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं.

माझ्या कादंबरीची नायिका या मुलामुळे उभी राहिली.

मी कुमारांसाठी विज्ञानकादंबऱ्या लिहिते. सध्याची गोष्ट पुढच्या काळातल्या मुंबईत घडते. पाणी टँकर-कंपन्यांच्या ताब्यात गेलं आहे, पोलीस चौकीच्या जागी कंपनीचे पहारेकरी बसले आहेत, आणि यांतल्याच एका कंपनीने रसायनांच्या गळतीत उतरवायला, पाइपलाइनींवर राखणीला म्हणून जनुकं बदलून मुलं घडवली आहेत. त्यांच्यातली सतरा वर्षांची एक मुलगी पळून येते, माहुलच्या एका इमारतीत राहते आणि जिथे दाद मागायला जागा उरलेली नाही तिथे स्वतः न्याय करते. पन्नास वर्षांनंतरचं माहुल रंगवायला मला फार कल्पना लढवावी लागली नाही. रिफायनऱ्यांच्या कुशीत वसवलेल्या त्या वस्तीतली माणसं आजच श्वासाची तक्रार घेऊन न्यायालयांच्या पायऱ्या चढली आहेत.

अशा नायिकेला बळ द्यायला वेळ लागत नाही. एका वाक्यात ती भिंत चढते, दुसऱ्या वाक्यात चौघांना लोळवते. वाचकाला तिची काळजी वाटावी, यासाठी मात्र तिच्या बळाची किंमत ठरवावी लागते, आणि ती किंमत बाहेरून चिकटवलेली चालत नाही. ज्या जनुकाने बळ दिलं त्यानेच काहीतरी काढून घेतलेलं असलं पाहिजे. या प्रकारच्या गोष्टींतल्या मला आवडणाऱ्या लेखकांनी हे पाळलं आहे. पाओलो बाचिगालुपीच्या ‘द वाइंडअप गर्ल’ या २००९ सालच्या कादंबरीतली एमिको घ्या. तिची त्वचा नितळ दिसावी म्हणून घडवणाऱ्यांनी रोमरंध्रं बारीक ठेवली. परिणाम असा, की बँकॉकच्या उकाड्यात तिला पुरेसा घाम येत नाही. ती कोणाहीपेक्षा चपळ आहे, पण पळाली की तिचं अंग तापून ती कोसळायला येते. तिच्या प्रत्येक पळण्यात वाचकाचा जीव टांगणीला लागतो तो याच्यामुळे. २००० साली सुरू झालेल्या ‘डार्क एंजल’ या अमेरिकी मालिकेतली मॅक्सही अशीच. मोडकळीला आलेल्या सिएटलमध्ये सायकलवरून पार्सलं पोचवणारी ही मुलगी लष्करी प्रयोगशाळेतून पळालेली आहे. तिच्या मेंदूत सेरोटोनिन कमी पडतं, झटके येतात आणि गोळ्या संपल्या की ती लहान मुलासारखी असहाय होते. मालिका दोन वर्षांत बंद पडली आणि पुढची गोष्ट मॅक्स ॲलन कॉलिन्सने कादंबऱ्यांतून पूर्ण केली, हे मी लिहिणाऱ्यांना आवर्जून सांगते. पडद्यावरची मारामारी थांबल्यावरही कागदावर जे टिकलं, त्यात त्या मुलीच्या शरीरातल्या उणिवेचा वाटा मोठा आहे, असं माझं मत आहे.

मी आधी स्नायूंचा विचार केला होता. मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूंची वाढ आटोक्यात ठेवतं. ते बंद पडलं की स्नायू दुपटीने भरतात. बेल्जियन ब्लू जातीच्या गाईबैलांमध्ये हे नैसर्गिकरीत्याच घडलं आहे, आणि त्यांची वासरं इतकी दांडगी, की अनेकदा गाईचं पोट चिरूनच ती बाहेर काढावी लागतात. हाडांचाही विचार केला. एलआरपी५ या जनुकातल्या एका बदलामुळे काही कुटुंबांतल्या माणसांची हाडं विलक्षण दाट असतात. त्या माणसांना पाण्यात तरंगणं जड जातं. २६ जुलै २००५चा पूर पाहिलेल्या शहरात बुडणारी नायिका! मोह झाला, पण ती एका प्रकरणाची गंमत झाली असती. दुखणं नसण्याचा पसारा मात्र तिच्या रोजच्या जगण्यात पानोपानी शिरत गेला.

पहिली गोष्ट वासाची. २०११ साली असं दिसून आलं, की एससीएन९ए निकामी असलेल्या माणसांना वासही येत नाही. या जनुकातून पेशींच्या आवरणातली जी सोडियम-वाहिनी घडते, तीच नाकातल्या पेशींनाही लागते. हे वाचलं आणि मी तिच्या नजरेतून लिहिलेल्या पानांतले सगळे वास काढायला बसले. मराठी गद्यात हे किती अवघड आहे, ते तेव्हा कळलं. आपण पाऊस वासाने आणतो, स्वयंपाकघर वासाने उभं करतो, आठवण तर वासाशिवाय येतच नाही. कोळीवाड्यात शिरताना सुक्या मासळीचा वास हा शब्द लिहायचा नाही म्हटल्यावर मला पाहावं लागलं: बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर लटकणारे बोंबील, उन्हात त्यांचं पारदर्शक होणारं अंग, वाऱ्याने एकमेकांवर आपटताना होणारी कोरडी सळसळ. परिच्छेद आधीच्यापेक्षा चांगला उतरला.

वास नसण्यातून गोष्टीलाही वळण मिळालं. आपल्या घरातल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं. माझ्या नायिकेच्या दृष्टीने ते मिसळलं काय नि न मिसळलं काय. म्हणून तिच्या शेजारच्या खोलीत एक आजी आली. रात्री परतलेल्या मुलीच्या दारात ती उभी राहते, हवा हुंगते आणि म्हणते, “ये आत. आज काही नाही.” कधी म्हणते, “बाई गं, कपडे बाहेरच काढ, ॲसिडात लोळून आलीयेस.” चौघांना लोळवणाऱ्या मुलीला एका म्हातारीच्या नाकाची गरज लागते. या दोघींमधलं नातं मला वेगळं रचावं लागलं नाही.

मग रोजची तपासणी. ज्याला दुखत नाही त्याने दर रात्री स्वतःचं शरीर डोळ्यांनी वाचायचं असतं. हे मी कुष्ठरोग्यांबरोबर काम करणाऱ्यांकडून शिकले. कुष्ठरोगात मज्जातंतू बधिर होतात आणि बोटं झडतात ती रोगाने कुजून झडतात, असं पूर्वी मानत. वेल्लोरला १९४६पासून काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बोटं जातात ती न कळलेल्या जखमांनी. गरम भांडं धरल्याने, बुटातल्या खिळ्याने, एकाच जागी तासन्‌तास पडलेल्या दाबाने. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडत, तरी माणसाला जाग येत नसे. म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णांबरोबर मांजर दिली जायची. माझ्या नायिकेच्या खोलीतही मांजर आहे. ती लाडाची आहेच, पण तिची नेमणूक पहाऱ्याची आहे.

तपासणीचा प्रसंग कादंबरीत पहिल्याच प्रकरणात येतो. नायिका बादलीतल्या पाण्यात हात घालण्याआधी वाफ पाहते, कारण गरम-गार तिला कळलं तरी ‘भाजतंय’ हे कळत नाही. मग बल्बखाली बसून पायाची बोटं एकेक फाकवते. टाचेखाली आरसा धरते. जीभ बाहेर काढून कडा बघते. डाव्या करंगळीचं नख उलटलेलं सापडतं, आणि कधी उलटलं ते आठवत नाही. जखमेच्या वयाचा अंदाज ती रक्ताच्या रंगावरून लावते. या दीड पानात कोणीही कोणाला मारत नाही. तरीही वाचकाला हिच्या बळाची खरी ओळख इथेच होते, असं मला वाटतं.

ब्रँड यांचा आणखी एक प्रयोग मी गोष्टीत जवळजवळ तसाच घेतला. अमेरिकेत कारव्हिल इथे त्यांनी कृत्रिम वेदना घडवायचा प्रयत्न केला: हातमोज्यांत, बुटांत दाब मोजणारे संवेदक, धोका आला की इशारा. आधी आवाज ठेवला, दिवा ठेवला. माणसं दुर्लक्ष करायची. मग विजेचा झटका ठेवला. तर हातातलं काम रेटायचं असलं की माणसं तो बंद करून ठेवायची. वेदना बंद करता येत नाही, म्हणूनच ती आपल्याला वाचवते, हे त्या फसलेल्या यंत्राने सिद्ध केलं. माझ्या कादंबरीतल्या कंपनीने मुलांच्या मानेत असंच यंत्र बसवलं आहे, आणि त्याचं बटण कंपनीच्या हातात आहे. कोणत्या मुलाला कधी दुखावं, हे पगारी माणूस ठरवतो. जुलमी राजवट दाखवायला मला याहून मोठं काही सुचलं नाही आणि लागलंही नाही.

आता मुख्य प्रश्न. कायदा हातात घेणारी बाई ही काही कल्पनेची उपज नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांनी त्यांच्या वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला ठार मारलं. वर्षानुवर्षं दाद मागून थकलेली वस्ती होती ती. त्या बायकांना त्रास म्हणजे काय, हे हाडामासात माहीत होतं. माझ्या नायिकेला ते माहीत नाही. जिला स्वतःला कधी दुखलं नाही, तिने दुसऱ्याला किती दुखवायचं हे कशावरून ठरवायचं?

याचं उत्तर पॅरिसच्या निकोला दांझिजे यांच्या संशोधनात सापडलं. जन्मतः वेदना नसलेल्या माणसांना त्यांनी इतरांच्या दुखापती दाखवल्या. नुसती दुखापत दिसली, चेहरा दिसला नाही, की ही माणसं वेदनेचा अंदाज कमी करत. चेहरा समोर आला, की मात्र त्यांना इतरांइतकीच नीट कळे. हे वाचलं त्या दिवशी कादंबरीची घडण बदलली. सूड घेणाऱ्या नायक-नायिका अंधारात वावरतात, मुखवटे घालतात. या प्रकारातलं सगळं चित्रण रात्रीचं. माझी नायिका अंधारात हात उचलत नाही. चेहरा दिसला नाही तर ती समोरच्याला जिवानिशी मारेल आणि तिला कळणारही नाही, हे तिला ठाऊक आहे. कंपनीच्या पहारेकऱ्यांच्या हेल्मेटला काळी काच आहे. ती आधी काच फोडत नाही, पट्टा सोडवून हेल्मेट काढते. त्यात तिचे दोन क्षण जातात आणि दर वेळी ती मार खाते.

टँकरच्या प्रसंगात ती एका पहारेकऱ्याचं मनगट पिरगाळते. हेडलाइटच्या उजेडात त्याचं तोंड दिसतं: खालचा ओठ दातांखाली गेलेला, नाकपुड्या फुगलेल्या, डोळे तिच्यावर नसून स्वतःच्या हातावर. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत मनगट एकेक अंश फिरवत राहते आणि ओठ सुटून तोंड उघडतं तिथे थांबते. तिच्या दृष्टीने ती मोजपट्टी आहे. एका संपादकांनी हा प्रसंग संथ आहे म्हणून अर्धा करायला सांगितलं. मी तो तसाच ठेवला. तो कापला, तर उरते ती दणकट मुलगी आणि पडलेली माणसं, आणि तशी पुस्तकं पुष्कळ आहेत.

लिहिताना आणखी एक भान मी ठेवते. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या ह जियानक्वी या संशोधकाने जाहीर केलं, की त्याने सीसीआर५ हे जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्माला घातल्या आहेत. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या मुली कुठेतरी वाढताहेत, शाळेत जात असतील. उद्या त्यांच्यासारखी एखादी वाचक माझं पुस्तक उघडेल, आणि त्यात तिच्यासारख्या मुलीला ‘राक्षसीण’ म्हटलेलं तिला दिसता कामा नये. माझ्या कादंबरीत तो शब्द फक्त कंपनीचे लोक वापरतात.

दिवाळी अंकांत, स्पर्धांत अशा नायिका घेऊन येणाऱ्या नव्या लेखकांना माझं एक सांगणं आहे. हस्तलिखित मोठ्यांना दाखवण्याआधी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना वाचायला द्या. मारामारी थांबली की ही मुलं कंटाळतात, असं आपण गृहीत धरतो. माझ्या हस्तलिखितावर त्यांनी सर्वांत जास्त विचारलं ते त्या टँकरवाल्या पहारेकऱ्याबद्दल: त्याचं मनगट पुढे बरं झालं का, त्याच्या घरी कोण आहे. त्याच्यासाठी मी एक प्रकरण वाढवलं आहे.