पंक्चरचं ठिगळ आणि एस्पेरान्तो

सायकलचं पंक्चर घरी काढणं आणि एस्पेरान्तो शिकणं, दोन्हींमागे मला एकच ओढ दिसते. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यातून फिरवायची, बुडबुडे येतील तिथे खूण करायची, ती जागा पॉलिश पेपरने घासायची, सोल्यूशन जरा सुकू द्यायचं आणि मगच ठिगळ दाबायचं. एवढं हातात बसलं की कुठलीही ट्यूब परकी राहत नाही. लुडविक झामेनहोफ या नेत्रवैद्याने १८८७ मध्ये वॉर्सात भाषेच्या बाबतीत हेच केलं. पुस्तिका चाळीसेक पानांची, मूळ शब्द सुमारे ९००, बाकीचे ज्याचे त्याने घडवायचे. आपल्याकडे चाळायला चाळणी, गाळायला गाळणी, किसायला किसणी. पण शिवायला सुई आणि कापायला सुरी, ही नावं निराळी लक्षात ठेवावी लागतात. एस्पेरान्तोत ‘कुद्री’ म्हणजे शिवणं, तर सुई ‘कुद्रिलो’. ‘त्रांची’ म्हणजे कापणं, तर सुरी ‘त्रांचिलो’. शब्द अडला की कोशाकडे धावण्याऐवजी तो तिथल्या तिथे जुळवता येतो, आणि शिकताना मला याचंच मोल सर्वांत जास्त वाटत आलं आहे.

इंग्रजी असताना हा खटाटोप कशाला, असं विचारलं जातं. इंग्रजीने काम भागतं, हे खरंच आहे. पण नियमात बसणारं वाक्यही ‘असं म्हणत नाहीत’ म्हणून तिथे बाद होतं, आणि तो निवाडा ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्यांच्या हाती असतो. झामेनहोफ यांनी पहिल्याच पुस्तिकेत भाषेवरचे आपले सगळे हक्क सोडले. त्याआधी फोलाप्यूक ही भाषा रचणारे जर्मन पाद्री श्लायर अखेरचा शब्द आपलाच असावा म्हणून अडून बसले. अनुयायांत फूट पडली आणि ती चळवळ पाहता पाहता ओसरली.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. एस्पेरान्तोचे मूळ शब्द जवळजवळ सगळे युरोपातले. ‘कुद्री’ फ्रेंच माणसाला ओळखीचं वाटतं, मराठी माणसाला घोकावं लागतं. हा पक्षपात आहे आणि तो झाकू नये. मात्र इंग्रजांना छळणारा, कर्माला लागणारा ‘न’ हा प्रत्यय विभक्तीत वाढलेल्या आपल्याला फारसा नडत नाही, आणि प्रत्यय जोडणं तर आपलं रोजचंच.

बोलणारे थोडे, हेही खरं. तरी १९७४ पासून चालत आलेल्या ‘पास्पोर्ता सेर्वो’मुळे ही भाषा बोलणाऱ्या प्रवाशाला परदेशात अनोळखी घरी फुकट उतरता येतं. त्या घरी सायकल पंक्चर झाली, तर एवढं पुरे: ‘फ्लिकी’ म्हणजे ठिगळ लावणं, ते लावणारा ‘फ्लिकिस्तो’, आणि ते लावून मिळतं ती जागा ‘फ्लिकेयो’.